बांध कुणी राखायचा?



पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव 'नदीकाठचे पूरबांध : देखभाल आणि दुरुस्ती' असं छापलंय. असलं नाव वाचूनही तुम्ही भर पावसात इतक्या संख्येने आलात, याचं श्रेय ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना आहे, विषयाला नाही. त्यामुळे प्रास्ताविक न लांबवता थेट एका तारखेपासून सुरुवात करतो.

18 ऑगस्ट 2008. नेपाळमधल्या कुसहा गावाजवळ कोसी नदीचा पूर्वेकडचा बांध फुटला. कोसी ही हिमालयातून उतरताना अफाट गाळ घेऊन येणारी नदी. गाळाने पात्र भरलं की ती बाजूला सरकते. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ती पूर्वेकडून पश्चिमेकडे शंभर किलोमीटरहून जास्त सरकलेली आहे. 25 एप्रिल 1954 ला भारत आणि नेपाळमध्ये करार झाला, 1955 पासून या नदीला दोन्ही अंगांनी मातीचे बांध घातले गेले आणि सीमेजवळ बराज उभं राहिलं. बराजची आखणी साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी होती. नेपाळच्या हद्दीतल्या बांधांचीही देखभाल करारानुसार भारताकडे, म्हणजे प्रत्यक्षात बिहारच्या जलसंपदा खात्याकडे आली.

बांध फुटला त्या दिवशी नदीला पाणी किती होतं? दीड लाख क्युसेकच्या आसपास. साडेनऊ लाखांची तयारी आणि दीड लाखाला शरणागती. कोसीच्या मानाने हा पूर म्हणण्याइतकाही पूर नव्हता. म्हणूनच या घटनेला अस्मानी संकट म्हणायला मी तयार नाही.

मग झालं काय? नदीचा मुख्य प्रवाह पूर्वेच्या काठाकडे झुकला होता आणि हे एका रात्रीत घडलेलं नव्हतं. असा मारा काठावर येऊ नये म्हणून बांधापासून नदीत दगडी स्पर काढलेले असतात. पाणी त्यांच्यावर आपटतं आणि काठापासून दूर वळतं. कुसह्याजवळचे असे दोन स्पर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून खचायला लागले. हातात जवळजवळ दोन आठवडे होते. त्या दिवसांचा हिशेब दोन्ही बाजू वेगवेगळा देतात. बिहारकडून सांगितलं गेलं की स्थानिक अडथळ्यांमुळे मजूर आणि सामान जागेवर पोचू शकलं नाही. नेपाळकडून सांगितलं गेलं की मुळात कुणी वेळेवर आलंच नाही. मला यात पंच व्हायचं नाही. स्पर हा काही दोन आठवड्यांत राखायचा प्रकार नव्हे. आदल्या हिवाळ्यात, पाणी उतरलेलं असताना, त्याच्या पायथ्याला दगडाच्या जाळ्या टाकायच्या असतात. ते काम त्या त्या वर्षी पुरेसं झालं असतं तर ऑगस्टमध्ये मजुरांच्या वाटा अडल्या काय आणि मोकळ्या राहिल्या काय, फारसं बिघडलं नसतं.

बांध फुटल्यावर नदीने आपली पूर्वेकडची सोडून दिलेली जुनी वाट धरली. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा, पूर्णिया या जिल्ह्यांतली तीस लाखांहून अधिक माणसं पाण्यात सापडली. यातल्या पुष्कळ गावांनी पन्नासएक वर्षं कोसी पाहिलीच नव्हती. तिथे ना नावा होत्या ना पुराच्या सवयी, कारण बांध आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत अशीच सगळ्यांची खात्री. भगदाड रुंदावत दीड किलोमीटरच्या पलीकडे गेलं आणि ते बुजवून नदी पुन्हा बांधांच्या मध्ये आणायला 2009 चा जानेवारी उजाडला.

बिहारने राखायचे बांध फुटण्याची ही पहिली वेळ नव्हती. एकट्या कोसीचेच बांध 1963, 1968, 1984, 1991 असे वेगवेगळ्या ठिकाणी फुटलेले आहेत. खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले अभियंते दिनेशकुमार मिश्र यांनी या नद्यांसाठी आयुष्य वेचलं. त्यांनी मांडलेला एक आकडा सरकारी कागदांमधूनच आलेला आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बिहारमध्ये सुमारे 160 किलोमीटर पूरबांध होते आणि पूरप्रवण क्षेत्र 25 लाख हेक्टर होतं. पुढे बांधांची लांबी साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात गेली आणि पूरप्रवण क्षेत्र 68 लाख हेक्टरांवर. मिश्र यांचा निष्कर्ष असा की बांध हाच रोग आहे. मी त्यांच्या अर्ध्या वाटेपर्यंत जातो. गाळ वाहणाऱ्या नदीला दोन बांधांमध्ये कोंडलं की गाळ तिथेच बसतो, तळ वर येतो आणि दर काही वर्षांनी बांधाची उंची अपुरी पडते, हे कुणालाच नाकारता येणार नाही. पण म्हणून जिथे बांध आहेत तिथे ते सोडून द्या असं मला म्हणवत नाही, कारण त्यांच्या भरवशावर लाखो माणसं राहायला आलेली आहेत. बांध घालणं हे कर्ज काढण्यासारखं आहे. नदी असेतो दरसाल हप्ता भरावा लागतो, आणि आपल्याकडे कर्ज काढणाराला निवडणुकीत मतं पडतात, हप्ता भरणाराला कुणी विचारत नाही.

आता हा हप्ता म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. मातीचा बांध दरसाल थोडा बसतो. त्याच्या माथ्यावरून गुरं जातात, मोटारसायकली जातात, तिथे घळ पडते. पाण्याला किलोमीटरभर बांध ओलांडायचा नसतो, त्याला हात-दीड हाताची एक खोलगट जागा पुरते. उंदीर, घुशी आणि भरतीच्या नद्यांवर खेकडे बांधात बिळं करतात. बीळ आरपार गेलं की पाणी झिरपायला लागतं. आतल्या अंगाला, पायथ्याशी, ओल दिसते. इथे जुनी माणसं पहिली गोष्ट पाहतात ती पाण्याचा रंग. निवळ पाणी पाझरत असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ पाणी येत असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चाललीय आणि हातात फार वेळ नाही. नवखा माणूस अशा वेळी पाणी बाहेर पडतंय ते तोंड बुजवायला धावतो. ते चुकीचं आहे. आत दाब वाढतो आणि पाणी शेजारून फोडून येतं. तिथे पोत्यांचं कडं करून आत पाणी साठू द्यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक कमी होतो आणि जोर ओसरतो. मग नदीच्या अंगाने बीळ शोधून, उकरून, चिकणमाती ठासायची. या कामाला मशीन लागत नाही. लागतो तो बांधावरून रोज चालणारा माणूस, तोही पावसात आणि रात्री.

हा माणूस कुणाचा? त्याचा पगार कुणी द्यायचा? आणि त्याने आरोळी ठोकली तर धावून जाणं कुणावर बंधनकारक आहे? माझ्या मते पूरबांधांचं सगळं शास्त्र या तीन प्रश्नांवर येऊन थांबतं. नेदरलँड्सच्या शेतकऱ्यांनी मध्ययुगात याची उत्तरं फार कठोरपणे दिली होती. प्रत्येकाच्या वाट्याला बांधाचा ठरावीक तुकडा असे. ज्याला तो राखणं झेपेना, त्याने आपलं फावडं बांधात रोवून गाव सोडायचा. जो ते उपसेल त्याला बांधाची जबाबदारीही मिळे आणि जमीनही. आज तिथे पाण्याच्या कारभारासाठी निवडून दिलेली वेगळी मंडळं आहेत आणि ती स्वतःचा कर वसूल करतात. पण इतक्या दूर जायची गरज नाही. याच प्रश्नांची उत्तरं आपल्या शेजारी, गोव्यात, शतकानुशतकं दिली जात होती.

मांडवी आणि जुवारी या नद्यांमधून दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणी खूप आत शिरतं. दिवाडी, चोडण, आगशी, शिरोडा, कुडतरी इथे गेलात तर नदीकाठची भाताची शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, हे लक्षात येतं. ही खाजनं. साऱ्या गोव्यात मिळून ती सतरा-अठरा हजार हेक्टर भरतात. बांदोड्याला सापडलेल्या अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात, म्हणजे सहाव्या शतकाच्या सुमारास, खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे चौदा-पंधराशे वर्षं तरी मातीचे बांध तिथे खारं पाणी थोपवून आहेत. एवढी वर्षं कुठलाही मातीचा बांध टिकत नसतो. एखाद्या बांधातली आज सापडणारी माती पन्नास वर्षांपूर्वीचीसुद्धा नसेल. टिकला तो दुरुस्तीचा शिरस्ता.

बांधाला लागते नदीतलीच काळसर चिकणमाती, जिच्यात पेंढा, बांबू आणि तिवराच्या फांद्या घालतात. लाटांच्या मुखाशी जांभ्या दगडाचा थर. आणि बांधाच्या पुढे, पाण्यात, तिवरांची रांग, जी लाटेचा जोर बांधाला लागण्याआधीच मोडते. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानस म्हणजे पाणी आतबाहेर करणारी दारं. लाकडी फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरती चढली की बाहेरच्या दाबाने त्या आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी त्या लोटून नदीत उतरतं. पावसाळ्यात पहिल्या सरींनी खार धुऊन गेला की कोरगुटसारखं खार सोसणारं भात पेरायचं. कापणी झाली की खारं पाणी बेताने आत घ्यायचं, त्याच्याबरोबर कोळंबी आणि मासळी येते. ओहोटीच्या वेळी, बहुधा रात्री, मानशीच्या तोंडाला जाळं लावून ती धरतात.

या मासळीतच सगळी मेख आहे. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची दरसाल पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. तो पैसा गांवकारीच्या, म्हणजे गावच्या जमिनीचा सामाईक कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, तिजोरीत जायचा आणि बांधांच्या खर्चाची तजवीज त्याच तिजोरीतून व्हायची. शेतकऱ्यांचा जो गट खाजनाच्या रोजच्या कामावर लक्ष ठेवी, त्याला भोंवस म्हणत. मानस घेणाऱ्याला वाटे, पाणी जास्त आत यावं. शेतकऱ्याला वाटे, खार शेतात चढू नये. दोघे एकमेकांवर डोळा ठेवून असत आणि बांध त्या संशयावर सुखरूप राहत असे. पोर्तुगीजांनी 1526 मध्ये गावचे रीतिरिवाज लिहून घेतले तेव्हा त्यांनी गांवकारी मोडली नाही, तिच्यावर कर बसवला. महसूल बांधावर अवलंबून आहे हे त्यांच्याही लक्षात आलं असणार.

बांध फुटलाच तर काय करत, तेही ऐकण्यासारखं आहे. भरतीच्या नदीवर भगदाड दिवसातून चार वेळा रुंदावतं. दोनदा पाणी आत येताना, दोनदा बाहेर जाताना. म्हणून जमेल तितक्या लवकर दोन्ही टोकांना खुंट ठोकून कडा पक्क्या करायच्या. मग भांगाचे दिवस गाठायचे, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे, जेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. दोन्ही कडांवरून आत येत यायचं, चिखलाच्या कापलेल्या चकत्या हातोहात पुढे सरकवत, आणि शेवटचं तोंड ओहोटीच्या तळाशी बुजवायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या आत माथा पातळीवर आला नाही तर सगळी मेहनत पाण्यात. या कामाची निविदा काढायची म्हटली तर निविदा उघडेपर्यंत दोन उधाणं येऊन जातात.

या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लेख हल्ली पुष्कळ येतात, त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. गांवकारी ही काही पंक्तीत सगळ्यांना सारखं वाढणारी संस्था नव्हती. गांवकार ठरत ते वंशाने, आणि तेही पुरुष. बांधावर कमरेएवढ्या चिखलात उभं राहणाऱ्या पुष्कळांना नफ्यात वाटा नव्हता. गोव्याच्या मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला तो या अन्यायाच्या पोटातूनच आला आणि तो यायलाच हवा होता. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळाला. पण बांधाची जबाबदारी त्या कायद्याच्या सांध्यात अडकली. खंडाचा पैसा आणि जमिनीतला रस गेल्यावर गांवकारी, जिला पोर्तुगीज वळणाने कोमुनिदाद म्हणतात, ती हळूहळू बाजूला झाली. कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम 1975 मध्ये झाले आणि गावोगावी कुळांचे संघ उभे राहिले. कागदावर हे उत्तम होतं. प्रत्यक्षात शेती परवडेनाशी झाली, मुलं बोटीवर, आखातात, नाहीतर पणजीच्या कचेऱ्यांत गेली, शेतं पडीक राहू लागली. संघाकडे उरली ती मानशीची पावणी. कोळंबीला भाव आला. खारं पाणी आत ठेवण्यात ज्याचा फायदा आहे असा एकच पक्ष बांधावर राहिला, आणि त्याच्यावर डोळा ठेवणारा शेतकरी उठून गेला. काही ठिकाणी बांध फुटले की फोडले, याची चर्चा गावात दबक्या आवाजात चालते. मी ती इथे करत नाही.

त्यात भर पडली खनिजवाहू बार्जांची. त्यांच्या मागे उठणारी लाट बांधाच्या नेमक्या पायथ्याला खाते. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा नदीला विसावा मिळाला, बांधांना मिळाला नाही, कारण खाल्लेला पायथा आपोआप भरत नसतो.

आणि दुरुस्त्या? त्या होतात. पण कशा, याचा एक नमुना पाहिला तो सांगतो. गावाचं नाव घेत नाही. भगदाड बुजवायला तांबडी मुरुमाड माती ट्रकने आणली होती. ती कोरडी असताना छान दबते आणि पाण्यात विरघळते. कमी पडलेली चिकणमाती जेसीबीने बांधाच्या पायथ्याशीच उकरून वर टाकली होती, म्हणजे बांध उंच झाला आणि शेजारी खड्डा खोल झाला. वर सिमेंटची भिंत. मऊ चिखलावर उभी केलेली कडक भिंत एकसारखी बसत नाही. जिथे जास्त बसली तिथे तडकली, आणि त्या तड्यातून भरतीचं पाणी येताना मी पाहिलं. कामाचा फलक मात्र शाबूत होता. ठेकेदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने अंदाजपत्रकात लिहिलेलं तेच केलं. अंदाजपत्रक लिहिणाऱ्याने ओहोटीला तिथे पाय ठेवलेला नव्हता, इतकंच.

आपल्याकडे रायगडच्या खारपट्ट्यात, पेण-अलिबागच्या बाजूला, शब्द बदलतात. मानशीला उघाडी म्हणतात, भगदाडाला खांड. 1948 मध्ये मुंबई प्रांताने खार जमिनींचा कायदा केला, 1979 मध्ये महाराष्ट्राने नवा केला. बंदिस्ती, म्हणजे बांध घालणं आणि राखणं, सरकारी योजना झाली आणि खांड गेली की गाव खात्याच्या दारात अर्ज घेऊन उभा राहू लागला. तिथल्या तपशिलावर स्वतंत्र व्याख्यान होईल.

यावर 'मग काय, पुन्हा गांवकारी आणायची का?' असं कुणी विचारील. मुळीच नाही. पण ज्या तीन प्रश्नांचा उल्लेख केला, त्यांची आजची उत्तरं द्यायला काय हरकत आहे? पावणीच्या पैशातला ठरावीक हिस्सा बांधाच्या खात्यात गेल्याशिवाय पुढच्या वर्षीची पावणी होऊ नये, असा साधा नियम करता येतो. भूमिहीन मजूर, मासे धरणारे आणि बायका यांना संघात मताचा हक्क देता येतो. पाणी शिरलं तर घर त्यांचंही बुडतं. मानशीवर एक वही ठेवता येते, जिच्यात कुठे ओल दिसली, कुठे बीळ बुजवलं, फळी कधी बदलली, हे तारखेनिशी लिहिलं जाईल. आणि सरकारी मदत द्यायची तर ती पावसाळा संपल्यावर लगेच, छोट्या रकमेत, गावाच्या हातात यावी. आज ती फुटल्यानंतर मोठ्या रकमेत येते, आणि मोठी रक्कम मुरुमाचे ट्रक आणि सिमेंट आणते.

एक अडचण खरोखर अवघड आहे आणि तिचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पडीक खाजनात, बांधाच्या आतल्या अंगाला, तिवरं उगवली आहेत. बांधाच्या पुढे ती संरक्षक; आत आली की शेत गेलं. कायद्याला मात्र तिवर म्हणजे तिवर, ते तोडता येत नाही, आणि एरवी हे योग्यच आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, तेव्हा काही खाजनं आपणहून नदीला परत देऊन बाकीच्यांचे बांध उंच करणं शहाणपणाचं ठरेल, असं मला वाटू लागलंय. कुठलं खाजन सोडायचं आणि कुठलं राखायचं, हे मात्र नकाशावर बोट ठेवून, त्या गावच्या लोकांसमोर ठरवावं लागेल. किनारा नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत खाजनांचे नकाशे आणि व्यवस्थापन आराखडे करायला सांगितलेलं होतंच. हे आराखडे करताना प्रत्येक बांधासमोर आणखी दोन रकाने आखावेत. एकात मानशीचं उत्पन्न कुणाला जातं ते लिहावं, दुसऱ्यात त्या बांधावरून रोज चालणाऱ्या माणसाचं नाव. पहिला रकाना बहुतेक ठिकाणी लगेच भरेल.